लेहमध्ये डोकं ठणकतं तेव्हा मेंदूच्या रक्तवाहिन्यांत काय चाललेलं असतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पन्नाशीतलं जोडपं मुंबईहून विमानानं थेट लेहला उतरलं. त्याच रात्री नवऱ्याचं डोकं ठणकायला लागलं, बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर आकडा ८६. ऑक्सिजन कमी पडला की मेंदूच्या नसा आखडतात का? त्यातून पक्षाघाताचा झटका येऊ शकतो का? आणि दुसऱ्या दिवशी ठरलेला खारदुंग ला हा लेहजवळचा उंच घाट करावा की नाही?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते थांबू शकत नाही. डोकं दुखत असताना वर जायचं नाही. गाडीवाल्याला आगाऊ पैसे दिलेले असले तरी नाही. डोकेदुखी पूर्ण थांबून एक दिवस नीट गेला की मग बघा.

आता नसांचं. त्या आखडत नाहीत, रुंदावतात. आखडण्याचा समज बहुधा फुप्फुसांवरून आलेला असावा. फुप्फुसाच्या ज्या भागात ऑक्सिजन कमी, तिथल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणजे रक्त वाया न जाता हवेशीर भागाकडे वळतं. फॉन ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड यांनी १९४६ साली मांजरांवरच्या प्रयोगात हे दाखवलं. मेंदूचं गणित बरोबर उलटं आहे. त्याला रक्त दुसरीकडे वळवायचं नसतं, स्वतःकडे ओढायचं असतं. म्हणून एकाच माणसाच्या शरीरात, एकाच तासात, छातीतल्या वाहिन्या आवळलेल्या आणि डोक्यातल्या उघडलेल्या असतात. उंचीवर होणारे दोन गंभीर आजार, फुप्फुसात पाणी होणं आणि मेंदूला सूज येणं, या दोन टोकांशी जोडलेले आहेत.

मेंदूची ही ओढ का, ते आकड्यांवरून कळतं. वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण विश्रांतीच्या वेळी शरीर वापरतं त्यातला सुमारे २० टक्के ऑक्सिजन एकटा मेंदू घेतो. दर १०० ग्रॅम मेंदूला मिनिटाला साधारण ५० मिली रक्त लागतं, म्हणजे अख्ख्या मेंदूला ७०० मिलीच्या आसपास. आणि साठा जवळपास शून्य. रक्तपुरवठा पूर्ण थांबला तर सुमारे १० सेकंदांत शुद्ध हरपते. साठा नसलेल्या घराला नळाची तोटी मोठी करण्याशिवाय इलाज नसतो.

ही तोटी म्हणजे मेंदूच्या पृष्ठभागावरून आत शिरणाऱ्या बारीक धमन्या. त्यांच्या भिंतीत गुळगुळीत स्नायूंचं कडं असतं. ऑक्सिजन घटला की या कड्यावर एकाच वेळी अनेक बाजूंनी ‘सैल हो’ असा निरोप येतो. थकलेल्या पेशींतून ॲडेनोसिन बाहेर पडतं. ऑक्सिजन गमावलेल्या तांबड्या पेशी एटीपी (पेशीचं ऊर्जाद्रव्य) सोडतात आणि रक्तातल्या नायट्राइटपासून नायट्रिक ऑक्साइड तयार करतात. वाहिनीचं अस्तरही नायट्रिक ऑक्साइड बनवतं. स्नायूंतल्या पोटॅशियमच्या वाटा उघडतात आणि कडं ढिलं पडतं. कुठलाही एक निरोप औषधानं अडवला तरी बाकीचे काम भागवतात, यावरून शरीर या गोष्टीला किती जपतं ते कळावं.

किती ढिलं पडावं लागतं? फार नाही. नळीतून वाहणारा प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. व्यास फक्त ५ टक्क्यांनी वाढला तरी, बाकी सगळं तेच राहिल्यास, प्रवाह सुमारे २२ टक्क्यांनी वाढतो.

इथवर गोष्ट सोपी आहे. गुंता होतो तो कार्बन डायऑक्साइडमुळे, आणि उंचीवरच्या डोकेदुखीची खरी किल्ली तिथेच आहे.

मेंदूच्या वाहिन्या ऑक्सिजनपेक्षा कार्बन डायऑक्साइडला जास्त हळव्या असतात. धमनीतल्या रक्तात त्याचा दाब १ मिमी पारा एवढा जरी खालीवर झाला तरी मेंदूचा रक्तप्रवाह ढोबळमानानं ३ टक्क्यांनी खालीवर होतो. ऑक्सिजनच्या बाबतीत मात्र बरीच गाफील मोकळीक आहे. धमनीतला ऑक्सिजनचा दाब १०० वरून ७० पर्यंत उतरला तरी वाहिन्या फारशी दखल घेत नाहीत. ६०च्या खाली, आणि विशेषतः ५०कडे जाताना, त्या झपाट्यानं उघडतात. याच टप्प्यावर ऑक्सिमीटरचा आकडा ९०च्या खाली घसरायला लागतो. हा योगायोग नाही. तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन याच टप्प्यावर ऑक्सिजन भराभर सोडायला लागतं.

आता लेहचा हिशेब मांडू. उंची साधारण ३,५०० मीटर, हवेचा दाब सुमारे ४९५ मिमी पारा. समुद्रसपाटीवर तो ७६०. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण दोन्हीकडे २१ टक्केच, फक्त दाब कमी. श्वासनलिकेत हवा ओली होते, त्या वाफेचे ४७ वजा केले की मुंबईत श्वासातल्या ऑक्सिजनचा दाब १५० आणि लेहमध्ये ९४ उरतो. त्यातून फुप्फुसात कार्बन डायऑक्साइडनं अडवलेली जागा जाते. समजा तुम्ही मुंबईसारखाच श्वास घेत राहिलात आणि कार्बन डायऑक्साइड ४० वरच राहिला, तर धमनीत ऑक्सिजनचा दाब ४४च्या आसपास राहील आणि ऑक्सिमीटर ८०च्या आसपास दाखवेल. पण मानेतल्या मोठ्या धमनीच्या फाट्यावर तांदळाच्या दाण्याएवढी एक गाठ असते, कॅरोटिड बॉडी. ती ऑक्सिजन घटल्याचं ओळखून श्वास वाढवते. कार्बन डायऑक्साइड ३३ पर्यंत खाली येतो, तेवढी जागा मोकळी होते, ऑक्सिजनचा दाब ५२ला पोचतो आणि आकडा ८६–८७ दिसतो. म्हणजे प्रश्नातला ८६ हा बिघाड नाही. लेहच्या पहिल्या रात्री धडधाकट माणसाचा येतो तसाच आहे.

पण या जादा श्वासाची किंमत मेंदूच्या वाहिन्या मोजतात. ऑक्सिजन कमी, म्हणून ‘उघडा’. कार्बन डायऑक्साइड कमी, म्हणून ‘आवळा’. एकाच कड्यावर दोन हुकूम. कुणाचा जोर जास्त, यावर प्रवाह ठरतो, आणि तो जोर माणसागणिक वेगळा असतो. ज्याची कॅरोटिड बॉडी सुस्त, त्याचा श्वास कमी वाढतो, ऑक्सिजन जास्त घसरतो, कार्बन डायऑक्साइडही हवा तेवढा उतरत नाही, आणि दोन्ही बाजूंनी वाहिन्या उघडतात. व्यायामानं कमावलेलं शरीर इथे कामाला येत नाही. सिंहगड रोज चढणारा लेहमध्ये आडवा होतो आणि त्याची घरबशी बायको टुणटुणीत राहते, यात आश्चर्य मानू नका. तंदुरुस्ती स्नायूंची असते, श्वासाचा हा प्रतिसाद बराचसा जन्मजात.

हे मोजलं कुणी? मेंदूचा एकूण रक्तप्रवाह जिवंत माणसात मोजण्याची पद्धत केटी आणि श्मिट यांनी १९४५ साली नायट्रस ऑक्साइड वापरून बसवली. १९४८ साली त्यांनीच दाखवलं की १० टक्के ऑक्सिजनची हवा दिली तर हा प्रवाह सुमारे ३५ टक्क्यांनी वाढतो. सेव्हरिंगहाउस यांच्या चमूनं कॅलिफोर्नियातल्या व्हाइट माउंटनवर, ३,८१० मीटरवर, केलेलं मोजमाप १९६६ साली प्रसिद्ध झालं. पोचल्यावर ६ ते १२ तासांत प्रवाह २४ टक्क्यांनी वाढलेला होता आणि ३ ते ५ दिवसांनी वाढ १३ टक्क्यांवर आलेली होती. लेहसाठी हा नमुना चांगला लागू पडतो. पहिले एकदोन दिवस जोर सर्वाधिक, मग उतार. उतार येतो कारण मूत्रपिंडं बायकार्बोनेट हे रक्तातलं अल्कधर्मी द्रव्य बाहेर टाकतात, श्वासावरचा ब्रेक निघतो, तो आणखी खोल होतो, आणि पुढच्या आठवड्यांत रक्तातलं हिमोग्लोबिनही वाढतं. तोटी पुन्हा थोडी बंद करता येते.

इथे एक छोटा हिशेब करून बघा. सॅच्युरेशन, म्हणजे ऑक्सिमीटरचा आकडा, ९८ वरून ८७ वर आलं, म्हणजे रक्ताच्या प्रत्येक थेंबातला ऑक्सिजन ११ टक्क्यांनी घटला. प्रवाह २४ टक्क्यांनी वाढला. ०.८९ गुणिले १.२४ म्हणजे १.१०. म्हणजे मेंदूला पोचणारा एकूण ऑक्सिजन घटलेलाच नाही. ‘मेंदूला ऑक्सिजन मिळत नाही म्हणून डोकं दुखतं’ हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. डोकं दुखतं ते जास्त करून ऑक्सिजन मिळवण्यासाठी केलेल्या खटाटोपामुळे. (एकूण पुरवठा भरून आला तरी केशवाहिनीतून पेशीपर्यंत ऑक्सिजन ढकलणारा दाब कमीच राहतो, त्यामुळे सगळं आलबेल असतं असं नाही. झोप बिघडते, गणितं चुकतात, चिडचिड होते.)

मेंदूला स्वतःला दुखत नाही. दुखतं ते त्याच्या आवरणांना आणि आवरणांतल्या वाहिन्यांना, कारण त्यांच्याभोवती चेहऱ्याच्या त्रिधारा मज्जातंतूची टोकं गुंडाळलेली असतात. वाहिनी ताणली की ती टोकं बोंबलतात. म्हणून ही डोकेदुखी ठणक्याची असते, वाकलं, खोकलं, बुटाची नाडी बांधायला खाली झुकलं की वाढते, आणि पहाटे सर्वात वाईट असते. पहाटे का? झोपेत श्वासाला लाटा येतात. काही खोल श्वास, मग दहापंधरा सेकंद पूर्ण थांबा, मग पुन्हा दचकून खोल श्वास. प्रत्येक थांब्यात ऑक्सिजन उतरतो आणि कार्बन डायऑक्साइड चढतो, म्हणजे वाहिन्यांना दोन्हीकडून ‘उघडा’. रात्रभर हे चाललं की सकाळी डोकं जड होणारच. शेजारी झोपलेला माणूस श्वास थांबला म्हणून घाबरून उठतो, पण लेहमध्ये हे इतकं सर्रास दिसतं की एरवी बऱ्या असलेल्या माणसात त्याला आजार म्हणत नाहीत.

मग जादा रक्तानं नुकसान कधी होतं? कवटी ही बंद पेटी. आत साधारण ८० टक्के मेंदू, १० टक्के रक्त, १० टक्के पाणी. रक्त वाढलं तर पाण्यानं कण्याकडे सरकून जागा करून द्यायची. ज्यांच्या कवटीत मोकळी जागा कमी, त्यांना लवकर त्रास होतो, असा एक जुना तर्क आहे. वयानं मेंदू किंचित आक्रसलेल्या म्हाताऱ्यांना जागा जास्त मिळते, असं त्यातून निघतं. मला हा तर्क पटतो, पण त्यावर विसंबून आजोबांना थेट पँगाँग तलावाला नेऊ नका. त्यांचं हृदय वेगळा हिशेब मांडतं.

खरा धोका वाहिनीच्या भिंतीत आहे. एरवी सरासरी रक्तदाब साधारण ६० ते १५० च्या दरम्यान कितीही हलला तरी मेंदूच्या धमन्या स्वतःला आवळून-सोडून प्रवाह एकसारखा ठेवतात. पण ऑक्सिजनसाठी आधीच उघडलेल्या वाहिनीकडे ही लवचीकता कमी उरते. तिथे रक्तदाबाची लाट आली, म्हणजे जिन्यावरून बॅग उचलली, शौचाला कुंथलं, मैदानावर पळापळ केली, की तो दाब न गाळता थेट केशवाहिन्यांपर्यंत पोचतो. दुसरीकडे, बराच वेळ ऑक्सिजन कमी राहिला की पेशींमधला एचआयएफ हा प्रथिनांचा संच जागा होतो. २०१९चं वैद्यकशास्त्राचं नोबेल याच शोधाला मिळालं. तो संच व्हीईजीएफ नावाचं द्रव्य बनवायला लावतो. आठवड्यांच्या मुदतीत हे द्रव्य नव्या केशवाहिन्या उगवायला मदत करतं, पण पहिल्या दिवसांत ते वाहिन्यांच्या अस्तराचे टाके उसवतं. दाब वाढलेला, टाके सैल. पाणी बाहेर झिरपतं आणि मेंदूला सूज येते.

हे पाणी मुख्यतः मेंदूच्या पांढऱ्या भागात साठतं, कारण तिथले तंतू समांतर असतात आणि पाण्याला त्यांच्यामधून पसरायला वाट मिळते. १९९८ साली हॅकेट आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या एमआरआयमध्ये दोन्ही गोलार्धांना जोडणाऱ्या पुलाच्या मागच्या भागात ही सूज दाखवली. पुढे बऱ्या झालेल्या रुग्णांत त्याच पुलावर रक्ताचे सूक्ष्म डागही सापडले, म्हणजे काही ठिकाणी नुसतं पाणी नाही, तांबड्या पेशीही बाहेर पडलेल्या असतात. भारताचा या विषयाशी जुना संबंध आहे. १९६०च्या दशकात घाईघाईनं हिमालयात चढवलेल्या १,९२५ भारतीय जवानांचा अभ्यास सिंग आणि सहकाऱ्यांनी १९६९ साली प्रसिद्ध केला. या आजाराचं आजचं ज्ञान बरंचसं तिथून सुरू होतं.

नुसती डोकेदुखी आणि मेंदूची सूज यांच्यातली सीमा ओळखायला ऑक्सिमीटर उपयोगी नाही. उपयोगी आहे ती चाल. सपाट जमिनीवर, खडीवर नाही, माणसाला टाचेला चवडा लावून सरळ रेषेत १० ते १२ पावलं चालायला लावा. शेजारी एखाद्या बऱ्या माणसालाही तेच करायला सांगा, म्हणजे तुलना होते. झोकांडी गेली, रेषेबाहेर पाय पडला, हात पसरावे लागले, तर सूज सुरू झाली असं धरून चाला. तोल सांभाळणारा भाग लवकर बिघडतो. त्याच्या जोडीला माणूस गप्प होतो, विचारलेलं उशिरा समजतं, जेवायला उठत नाही, ‘मला झोपू द्या’ म्हणतो. इथेच सगळे फसतात. थकलाय बिचारा, झोपू दे, असं म्हणून दार ओढून घेतात. रात्री नऊला गुंगीत असलेला माणूस पहाटे चारला बेशुद्ध सापडू शकतो.

उपचारात पहिला क्रमांक खाली उतरण्याचा. ३०० ते १,००० मीटर उतरलं तर बहुतेकांना फरक पडतो. ऑक्सिजन मिनिटाला २ ते ४ लिटर, सॅच्युरेशन ९०च्या वर राहील एवढा. डेक्सामेथासोन आधी ८ मिलिग्रॅम, मग दर ६ तासांनी ४ मिलिग्रॅम. हे औषध टाके पुन्हा घट्ट करायला मदत करतं, उंचीची सवय मात्र लावत नाही. म्हणून ते घेऊन बरं वाटलं की पुन्हा वर निघणं हा शुद्ध वेडेपणा.

खाली उतरणं लडाखमध्ये बोलायला सोपं आहे. पँगाँगला, सव्वाचार हजार मीटरवर, रात्री तंबूत त्रास सुरू झाला तर लेहच्या नेहमीच्या वाटेवर आधी ५,३०० मीटरहून उंच चांग ला ओलांडावा लागतो. म्हणजे उतरण्यासाठी हजार मीटर चढा! नुब्रा खोऱ्याचंही तसंच, तिथलं दिस्कित लेहपेक्षा खाली आहे, पण मध्ये खारदुंग ला. लेहमधूनच खाली जायचं तर सिंधूच्या काठानं खालत्सेकडे जाता येतं, तिथवर घाट लागत नाही. त्यापुढे कारगिलच्या वाटेवर फोतू ला ४,१०८ मीटरवर आहे. म्हणून पँगाँगचा मुक्काम सहलीच्या शेवटी ठेवायचा आणि गाडीत तास-दोन तास पुरेल असा भरलेला ऑक्सिजन सिलिंडर असायलाच हवा. दुकानात मिळणारा फवाऱ्यासारखा डबा त्यासाठी चालत नाही. १० लिटरचा डबा मिनिटाला २ लिटरनं ५ मिनिटांत संपतो, आणि शरीर ऑक्सिजन साठवत नसल्यामुळे त्याचा परिणाम त्याच्याबरोबरच संपतो. लेहमध्ये असाल तर प्रयोग न करता सोनम नुरबू रुग्णालय गाठा. तिथल्या डॉक्टरांना असे रुग्ण नवे नाहीत.

ऑक्सिजनचा एक उपयोग निदानासाठीही होतो. उंचीची डोकेदुखी असेल तर मास्क लावल्यावर वाहिन्या काही मिनिटांत आवळतात आणि १०–१५ मिनिटांत ठणका उतरायला लागतो. अजिबात फरक पडला नाही तर दुसरं कारण शोधा.

त्या दुसऱ्या कारणांत पक्षाघात येतो. नुसत्या उघडणाऱ्या वाहिन्यांमुळे एरवी निरोगी माणसाला लगेच झटका येत नाही. पण मानेची धमनी आधीच चरबीनं अरुंद झालेली असेल तर पुढच्या वाहिन्या सपाटीवरच पूर्ण उघडलेल्या असतात. आणखी उघडायला वाव नसतो. दुसरीकडे, उंचीवर रक्त घट्ट होतं, पाणी कमी प्यायलं जातं, आणि मेंदूतल्या शिरांमध्ये गुठळी होऊ शकते. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांनी हे डॉक्टरांशी आधी बोलून घ्यावं. एक खूण पक्की लक्षात ठेवा. उंचीची सूज सहसा सगळ्या मेंदूला धरते, एका बाजूला नाही. तोंड एका बाजूला वाकडं, एक हात गळालेला, बोलणं अडखळलेलं, असं दिसलं तर ‘हवा लागली’ म्हणत बसू नका. गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनला साडेचार तासांची मुदत असते.

सिकलसेलचा आजार असलेल्यांनी मात्र इकडे येऊच नये. विदर्भात, नंदुरबारकडे हा आजार बऱ्यापैकी आहे. ऑक्सिजन घटला की त्यांच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक वाहिन्यांत अडकतात. उघडणारी तोटी इथे कामाची नाही, पाइपमध्ये कचराच भरलेला असतो. नुसते वाहक असलेल्यांनाही उंचीवर प्लीहेला इजा झाल्याची उदाहरणं आहेत, त्यांनी तपासून मगच निघावं.

ऑक्सिमीटरचा आकडा एकटा किती फसवतो ते बघा. लेहच्या पाहुण्याचं ८७ आणि जुनाट फुप्फुसविकाराच्या माणसाचं ८७ यांत जमीनअस्मानाचा फरक. पाहुण्याचा कार्बन डायऑक्साइड ३३, त्या रुग्णाचा ५५ असू शकतो. त्याच्या मेंदूच्या वाहिन्यांना दोन्ही हुकूम ‘उघडा’ असेच मिळतात. म्हणून सकाळची डोकेदुखी, हातांना थरथर, दिवसा पेंग. अशा माणसाला घाबरून जास्त ऑक्सिजन सोडला तर कार्बन डायऑक्साइड आणखी चढतो आणि तो गुंगतो. त्याचं लक्ष्य ८८ ते ९२, शंभर नाही. हिमोग्लोबिन ६ असलेल्या बाईचं सॅच्युरेशन ९९ दिसेल, पण वाहून नेणाऱ्या गाड्याच अर्ध्या आहेत. तिच्याही मेंदूच्या वाहिन्या उघडलेल्या असतात.

आणि सर्वात धोकादायक आकडा म्हणजे खोटा ९८. लेहच्या बंद खोलीत बुखारी (खोली गरम करायची शेगडी) पेटवलेली, खिडक्या लोकरी पडद्यांनी झाकलेल्या, खोलीतल्या सगळ्यांचंच डोकं एकदम दुखायला लागलेलं. ही उंची नाही, कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. तो हिमोग्लोबिनवरची ऑक्सिजनची जागा बळकावतो, वाहिन्या ताणल्या जातात, डोकं फुटायला येतं, आणि साधा ऑक्सिमीटर त्याला ऑक्सिजनच समजून छान आकडा दाखवतो. हेच पुण्यामुंबईच्या बंद न्हाणीघरात गॅस गीझरनं होतं. एकाच वेळी एकाच खोलीतल्या अनेकांचं डोकं दुखणं हीच खूण. आधी सगळ्यांना बाहेर काढा, मग विचार करा.

आता प्रश्न विचारणाऱ्या जोडप्यासाठी नेमकं काय. लेहमध्ये पहिले ४८ तास काही करू नका. खोली ते जेवणघर एवढंच चालणं. त्यानंतर झोपायची जागा ३,००० मीटरच्या वर दररोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. दिवसा घाट ओलांडून खाली झोपायला उतरणं चालतं, म्हणूनच खारदुंग लावर पाटीजवळ फोटोपुरते १०–१५ मिनिटं थांबून नुब्रात मुक्काम करणं बहुतेकांना झेपतं. डोकेदुखीला पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन चालेल. गोळीनं तासाभरात थांबलेली डोकेदुखी ही चांगली बातमी, गोळीलाही न जुमानणारी आणि ओकारीसकट आलेली वाईट.

ॲसिटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्स, प्रतिबंधासाठी मोठ्यांना १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, निघण्याच्या आदल्या दिवसापासून. ती मूत्रपिंडांकडून बायकार्बोनेट टाकून घेते, म्हणजे सवयीचं जे काम शरीर तीनचार दिवसांत करतं ते लवकर होतं, आणि रात्रीचे श्वासाचे थांबे कमी होतात. बोटांना मुंग्या येतील, लघवी वाढेल, सोडा आणि बिअर पाणचट लागतील. गंमत अशी की हेच औषध शिरेतून १ ग्रॅम दिलं तर मेंदूच्या वाहिन्या मुद्दाम उघडतं, आणि धमनी अरुंद झालेल्या रुग्णात ‘अजून किती उघडू शकतात’ ते तपासायला वापरतात. गोळीच्या छोट्या डोसात फायदा श्वासाचा मिळतो. सल्फाची गंभीर ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर परस्पर घेऊ नये.

रक्तदाबाची गोळी बंद करायची नाही. झोपेची गोळी आणि दारू पहिल्या रात्री नको, दोन्ही श्वास दाबतात. रोजचा चहा मात्र सोडू नका. कॅफिन ॲडेनोसिनला अडवतं आणि वाहिन्या किंचित आवळून ठेवतं. ‘उंचीवर चहा नको’ हे ऐकून एकदम बंद केलात तर सुटलेल्या सवयीनंच वाहिन्या उघडतील आणि तुम्ही त्या डोकेदुखीचं खापर लेहवर फोडाल. पाणी लघवी फिकट पिवळी राहील एवढं प्या. पाचसहा लिटर रिचवू नका, रक्तातलं सोडियम उतरलं तर त्यानंही मेंदूला सूज येते आणि लक्षणं जवळपास तीच.

आकडा घेताना बोटं आधी चोळून गरम करा, नेलपॉलिश आणि गडद मेंदी नसलेलं बोट निवडा, हात टेकवून मिनिटभर थांबा आणि स्थिर झालेला आकडा लिहून ठेवा. एकट्या आकड्यापेक्षा तो कुठे चाललाय ते बघा. ८६, ८८, ८९ ही चाल ठीक. ८६, ८२, ७८, सोबत बसल्या जागी धाप आणि खोकला, तर ते फुप्फुसाचं प्रकरण आहे, आणि तिथे आवळलेल्या वाहिन्या जीव घेतात. मेंदूची लक्षणं दिसायची वाट बघत बसू नका.

राहिला कापूर. रुमालात कापराची वडी बांधून हुंगत राहणारे आपले लोक लेहच्या प्रत्येक गाडीत दिसतात. नाकाला गार वाटतं, श्वास मोकळा झाल्यासारखा भासतो, पण ऑक्सिमीटर जागचा हलत नाही. पाहिजे तर लावून बघा. हुंगण्यानं फारसं बिघडत नाही, फक्त ती वडी लहान मुलाच्या तोंडात जाणार नाही एवढं बघा. कापूर पोटात गेला तर फिट येते.